लखमाचा डबा

माझ्या बायकोला हे माहीत नाही. मुलीला माहीत नाही. ज्या मित्राबरोबर दहा वर्षं रोज संध्याकाळी चहा पितो, त्यालाही नाही. चौदा वर्षांपूर्वी मी बोईसरला नोकरीत असताना एका माणसाचं औषध माझ्या हाती आलं होतं. ते त्याच्या गावी पाठवायचं होतं. मी पाठवलं नाही. वहीत मात्र पाठवलं असं लिहिलं, आणि जिनं ते आणून दिलं होतं तिनं विचारलं तेव्हा 'पोचलं' म्हणून सांगितलं.

गेल्या कार्तिकात चार दिवस त्या भागात हिंडून आलो. ज्यांनी पालघर-बोईसर फक्त नकाशात पाहिलंय त्यांना तिथली खाडी, ताडाची झाडं, डोंगर हे सगळं सांगावं अशी इच्छा आहे, आणि सांगेनही. पण मी तिथे हिंडायला गेलो नव्हतो हे आधी सांगून टाकलेलं बरं.

मी मूळचा कराडकडचा. क्षयरोगाच्या सरकारी कार्यक्रमात उपचार पर्यवेक्षक होतो, कंत्राटी. अकरा महिन्यांची नेमणूक, मग एक दिवस घरी, मग परत अकरा महिने. त्या काळात एक चांगली पद्धत होती. रोगी नोंदवला की त्याच्या नावाचा पुठ्ठ्याचा एक डबा निघायचा. त्यात त्याच्या सगळ्या महिन्यांच्या गोळ्या, वर त्याचं नाव. 'साठा संपला, पुढच्या आठवड्यात या' असं त्या माणसाला कधी ऐकावं लागत नसे. डबा घरी द्यायचा नाही. जवळच्या कुणा भरवशाच्या माणसाकडे ठेवायचा. अंगणवाडीच्या ताई, पानवाला, शेजारीण. दिवसाआड रोग्यानं तिथं जायचं आणि त्यांच्यासमोर गोळ्या गिळायच्या. ज्यानं कुणी हे शोधलं त्याला माझा आजही नमस्कार आहे.

फक्त एक होतं. आमची यंत्रणा एका जागी उभ्या असलेल्या माणसाला बरं करायला शिकली होती. आणि या भागात माणूस एका जागी उभा राहत नाही.

बोईसर, सोमवार

पालघरला नव्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता, नोंदी कशा ठेवाव्यात. हसलात तरी चालेल. मी दीड तास बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुपारी पल्लवी नावाची एक पर्यवेक्षक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही बोईसरला होतात ना? चला, आता कसं झालंय दाखवते."

तिच्या स्कूटरवर मागे बसून मी माझं जुनं गाव पाहिलं. कारखान्यांकडून येणारा तो आंबटसर वास तसाच होता. पहिली दहा मिनिटं घशाला लागतो, मग नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. पाळी बदलायची वेळ होती. कंपन्यांच्या बस नाक्यावर माणसं ओतत होत्या आणि तितकीच भरून घेत होत्या. बेटेगावच्या बाजूला एका चाळीत आम्ही थांबलो. एका खोलीत आठ जण राहतात, चार पाळीवर गेले की चार झोपतात. आमच्याकडे घरात एक अंथरूण कुणाचं हे ठरलेलं असतं. इथे अंथरूण थंडच होत नाही.

बिहारचा एक तरुण बाहेर येऊन बसला. तीन महिन्यांचं औषध झालेलं, तीन राहिलेलं, आणि छठसाठी गावी निघालेला.

"ये नंबर किसका दिया है, भैया?" पल्लवीनं मोबाईल दाखवत विचारलं.

"ठेकेदार का, मॅडम."

"और तुम्हारा?"

"मेरा तो नाले में गिर गया."

"तुम गिरे थे कि नंबर?"

आतून कुणीतरी झोपेतच हसलं. मग पल्लवीनं त्याच्या हातात महिन्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या दिल्या, मोबाईलवर त्याचं नाव त्याच्या जिल्ह्याकडे पाठवलं, आणि लगेच तिथल्या पर्यवेक्षकाला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. पाच वेळा लावला. त्या पोराची गाडी रात्रीची होती, त्याला घाई नव्हती. घाई मला होत होती, का ते कळत नव्हतं. सहाव्या वेळी फोन उचलला गेला, तेव्हा तिनं तो त्या पोराच्याच हातात दिला. "बात करो. इनका नाम लिख लो."

परतताना म्हणाली, "बटण दाबलं की नाव जातं सर. पण नाव गेलं म्हणजे माणूस गेला असं थोडंच आहे? म्हणून फोन. उचलेपर्यंत."

"एवढा वेळ मिळतो तुला?"

"कुठला मिळतोय! शेजारचा भागही माझ्याकडेच आहे. पद रिक्त आहे. मी आले तेव्हापासून रिक्तच आहे. आता मला वाटतं त्या माणसाचं नावच रिक्त असेल."

मग तिनं सहज विचारलं, "तुमच्या वेळी कसं करायचात?"

"फॉर्म असायचा. तीन प्रतींत."

"आणि पोचपावती यायची?"

"यायची," मी म्हणालो.

क्वचित यायची. पण मी 'यायची' म्हणालो, आणि ती स्कूटर चालवत असल्यामुळे तिला माझं तोंड दिसलं नाही.

तेव्हाची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दर तिमाहीला वही बंद करून अहवाल करायचा. औषध अर्धवट सोडून गेलेल्या माणसापुढे 'हुकला' लिहायचं. 'हुकला' लिहिलं की वरून विचारणा यायची: का हुकला, कितीदा घरी गेलात, स्पष्टीकरण द्या. पण तो दुसऱ्या तालुक्यात गेला, त्याचा फॉर्म आणि डबा तिकडे पाठवला, तर 'बदलून पाठवला' लिहायचं. मग तो आपल्या माथ्यावरून उतरायचा. 'बदलून पाठवला' लिहिल्यावर मला कधी कुणी एक प्रश्न विचारला नाही.

तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता. सगळे कागद ठाण्याला जायचे, तिथून फिरून डोंगरावरच्या तालुक्यात. ज्या तालुक्यात मला डबा पाठवायचा होता, तिथला पर्यवेक्षकच नव्हता. फॉर्मवर सही करणारे अधिकारी दोन तालुके सांभाळत होते. पाऊस लागला होता. हे सगळं खरं आहे. आणि बोईसरहून मोटारसायकलनं ते गाव साडेतीन तासांवर होतं, एका रविवारचं काम होतं, हेही खरं आहे. माझी मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती. पुढची नेमणूक व्हायची होती. मी वहीत दोन शब्द लिहिले.

एडवण, मंगळवार

डबा आणून देणारी बाई एडवणची. हिराबाय. मासे विकणारी, तेव्हा पन्नाशीची. तिच्या घरच्या बोटीवर डोंगरातला लखमा नावाचा खलाशी होता. डोंगरातली बरीच माणसं भात झोडून झालं की खाली उतरतात आणि बोटीवर लागतात. लखमाला खोकला धरला, थुंकीत रोग निघाला, आणि त्याचा डबा मी हिराबायच्या घरी ठेवला. मला ती 'डबेवाला भाऊ' म्हणायची.

एडवणला मी बसनं उतरलो तेव्हा सकाळचं ऊन किनाऱ्यावर आडवं पडलं होतं. वाळूत बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या आणि त्यांवर बोंबील वाळत होते. बोंबील टांगायला दोरा लागत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी वलांडीवर टाकायची. आमच्याकडे मिरच्या वाळतात, पापड वाळतात, पण ते एकेकटे. मी ते बघत उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर घर शोधायला टाळत होतो.

एका ओल्या फरशीवर घसरून मी साफ बसलो. कोळणी हसल्या. एक म्हणाली, "बूट घालून दर्यावर येतात, मंग दर्या पाया परायला लावतो!" तिनंच मला हात धरून उठवलं आणि हिराबायच्या दारात नेऊन सोडलं.

"कोन पायजे?" सुनेनं विचारलं.

आतून आवाज आला. "अगं, डबेवाला भाऊ हाय तो! ये रं. कसला सुकलास! मीठ लावून वाळत टाकलं व्हतं का तुला घरच्यांनी?"

हिराबाय वाकली आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. पण चौदा वर्षांनी, पँट ओली झालेल्या अवस्थेत, तिनं मला दारातून ओळखलं. सुनेला म्हणाली, "याला गरम भाकर दे. यानं आपल्या घरात औषिद ठेवलं, तवा मी गावाची डागतरीन झालती."

तांदळाची भाकरी, आणि ओल्या बोंबलाचं लाल तिखट कालवण. आमच्याकडची ज्वारीची भाकरी दातांना काम देते. ही जिभेवर नुसती विरघळते. मी जेवत होतो आणि ती लखमाबद्दल बोलत होती, मी न विचारता.

"पयल्या दिशी गोळ्या घेतल्या, आनि दुसऱ्या सकाळी धावत आला. आये, आये, माज्यातून नारिंगी सरबत येतंय! मी बोलले, गप रे मेल्या, त्या गोळ्यांचा रंग हाय. तर बोटीवर सगल्यांना सांगत फिरला, माज्याकडं सरबताचं दुकान हाय." ती इतकी हसली की खोकली. मग पदरानं डोळे पुसले. "दोन मैन्यांत गाल भरले त्याचे. मंग पावसाला आला, बोटी वर ओढल्या. तो बोलला, आये, नांगरायला जातो. मी बोलले, जा. मीच बोलले."

मी भाकरी मोडत राहिलो.

"तू सांगितलेलं माज्या ध्यानात व्हतं, भाऊ. डबा मानसाच्या पाठोपाठ गेला पायजे. पन मी आठ दिस लावले. सुकं भरायचं व्हतं पावसाच्या आधी, आनि पोराचं लगीन. आठ दिसांनी तुज्याकडं घेऊन आले बोईसरला. दिवसाआड डोस. चार डोस चुकले. मी मोजले ना. तूच सांगायचास, डोस चुकला का रोग शिरजोर व्हतो."

हे मीच सांगायचो. दर डबा ठेवताना, बोट वर करून.

"दुसऱ्या सालाला त्याच्या पाड्याचा एक खलाशी आला. बोलला, लखमा गेला." तिनं माझ्या ताटात आणखी कालवण वाढलं. "मी तुला इचारलं व्हतं, आठवतं? डबा पोचला ना? तू बोललास, पोचला. एवढंच बोललास. उशिराचं काय बोलला नाय. मी घरी येऊन सांगितलं, भला मानूस हाय, बाईमानसाच्या जिवाला लागंल म्हनून बोलला नाय."

मी म्हणालो, "हिराबाय, तुमच्या उशिरानं काही..." आणि थांबलो. पाणी मागितलं. तिला वाटलं तिखट लागलं. सुनेला ओरडली, "मसाला कमी टाक बोलले व्हते ना! घाटावरची मानसं ती!"

घाटावर तिखट कमी खातात असं कुणी म्हटलेलं मी जन्मात प्रथमच ऐकलं. पण बोललो नाही. तेही नाही, आणि जे बोलायला आलो होतो तेही नाही.

डोंगरावर जाणार आहे एवढंच सांगितलं. ती लगेच उठली. दर वर्षी ती लखमाच्या बायकोला सुकी मासळी पाठवते, वर जाणाऱ्या कुणाबरोबरही. यंदा मी. बोंबलांची एक जुडी, जवळ्याची पिशवी, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा. "उद्याच जा. भात झोडून झालं का पाडा रिकामा व्हतो. आनि सोमीला निरोप दे. माजं चुकलं म्हनून सांग. दर साल सांगते. तरी सांग."

पालघरचं माझं लॉज शुद्ध शाकाहारी निघालं. व्यवस्थापकानं पिशवीकडे न बघताच नाक वर केलं. "साहेब, तुम्ही आत. ती बाहेर." पिशवी जिन्याखाली टांगली. तिन्हीसांजेला पाहतो तर खाली तीन मांजरं रांगेत बसलेली, सरकारी दवाखान्यात बसतात तशी, निमूट, आपला नंबर येईल म्हणून. जेवणाच्या वेळेपर्यंत मी पायरीवर बसून राखण केली. शेवटी व्यवस्थापकालाच दया आली आणि त्यानं ती स्वतःच्या दुचाकीच्या डिकीत कुलूपबंद केली. त्याच्या डिकीचा वास अजून गेला नसेल.

पाड्यावर, बुधवार

पालघरहून मनोर, विक्रमगड, जव्हार. कंडक्टरनं पिशवी पाहून विचारलं, "हिचं अर्धं तिकीट काढू का पुरं?" मागचा एक म्हातारा म्हणाला, "काढू नको, माझ्या शेजारी बसव तिला." जव्हारपासून एका गाडीत आम्ही चौदा माणसं आणि दोन कोंबड्या. रस्ता जिथे संपला तिथून अर्धा तास पायी. कापलेल्या भाताचे खुंट, वर साग, आणि हवेला वाळलेल्या पेंढ्याचा गोड वास. बोईसरचा वास नाकातून इथे पहिल्यांदा गेला.

पाड्याचं नाव लिहीत नाही. सोमी खळ्यावर होती. तिची मुलगी जना लाकडाच्या ओंडक्यावर भाताच्या पेंढ्या आपटत होती. मी पिशवी पुढे केली आणि म्हणालो, एडवणच्या हिराबायनं दिली. सोमीनं लुगड्याचा तुकडा सोडून वास घेतला.

"औंदा बोंबील बरा हाय," ती म्हणाली. "म्हातारी कशी हाय?"

"तिनं निरोप दिलाय. तिचं चुकलं म्हणते."

"दर साल तसंच म्हनते." तिनं मला बसायला पेंढा टाकला. "तू कोन तिचा?"

मी म्हणालो, मी औषधाच्या कार्यक्रमात होतो. बोईसरला. तिनं मासळीची पिशवी बाजूला ठेवली. मग तक्रार नाही, आरोप नाही, पेरणीची हकिकत सांगावी तसं सांगायला लागली.

लागवड होईपर्यंत लखमा बरा होता. भादव्यात परत ताप आला. इथल्या दवाखान्यात गेले, तिथली नर्स म्हणाली, तुझं नाव बोईसरला आहे, औषध तिथे, नाहीतर तिथला कागद आण. मग दोघं बोईसरला गेले. पहाटे निघाले ते दुपारी पोचले.

"तिथं एका बाबानं वही काढली. नाव सापडलं. लखमाला बोट लावून दावलं. म्हनला, हे बघ, तुजं नाव वर धाडलंय. औषिद बी तिकडंच गेलं. तिकडं जा." तिनं हातानं डोंगर दाखवला. "मंग आमी इकडं आलो. इकडं म्हनले, आलं नाय. परत ज्या दिशी जा म्हनले, त्या दिशी लखमा हसला. म्हनला, नाव माजं बसनं फिरतंय आनि मी पायी. नावाला गाठता यायचं नाय मला. मंग तो गेलाच नाय कुठं."

मला इतकी वर्षं वाटत होतं की मी एक काम केलं नाही. न केलेलं काम माणूस कुठेतरी सोसून घेतो. पण मी केलं होतं. ते दोन शब्द तिथे बसून होते, आणि औषध मागायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. त्या जागी 'हुकला' असतं, तर वही बघणाऱ्या माणसानं त्याला बसवून घेतलं असतं. हुकलेला परत आला की आम्हाला आनंद व्हायचा. आणि बसवून घेतलं असतं तर डबा तिथेच होता, त्याच्या पाठीमागच्या कपाटात.

"सोमीबाई," मी म्हणालो, "वहीत ते मी लिहिलं होतं. खोटं होतं. डबा पाठवला नव्हता. माझ्या कपाटात होता. पुढे मुदत संपली, तेव्हा वरचं नाव खोडून मीच टाकून दिला."

जनाचा हात पेंढीसकट वरच थांबला. सोमी मात्र धान्यातून काडीकचरा वेचत राहिली.

"आमी आलो त्या दिशी तू व्हतास तिथं?"

"नाही. रजेवर होतो."

"व्हतास तर दिला असतास?"

"दिला असता." मग मी म्हणालो, "मला वाटतं, दिला असता."

"वाटतं," ती म्हणाली, आणि जनाला म्हणाली, "झोड गं, काय बघतेस. ऊन चाललं."

नागलीची भाकर आणि उडदाचं वरण तिनं माझ्यासमोर ठेवलं. नाही म्हणायची मला हिंमत नव्हती. जेवताना जना बोलली, आईकडे न बघता. दोन वर्षांपूर्वी तिलाही तोच आजार झाला होता. आशाताई ओढा ओलांडून रोज यायची, कमरेएवढं पाणी असलं तरी. एकदा ओढ्यानं तिची चप्पल नेली तर अनवाणी आली. पोरगी सहा महिन्यांत बरी झाली. "ती म्हनायची, तुज्या नावाचा मेसेज मला रोज येतो, गोळी दिली का म्हनून. नाय दिली तर माजीच इज्जत जाते." जना हसली. तिचे गाल भरलेले होते. हिराबायनं सांगितलेला लखमा तिच्यात असावा.

निघताना सोमी पायवाटेपर्यंत आली. "मला सांगलंस, ऐकलं मी. काय करू त्याचं ते मला अजून ठावं नाय. पन ती म्हातारी दर साल निरोप धाडते, माजं चुकलं. मी दर साल निरोप धाडते, तुजं नाय चुकलं. ती मानत नाय. मंग कोनाचं चुकलं, हे मला सांगता येत नव्हतं ना, म्हनून मानत नाय. जा. तिला सांग."

सफाळे, गुरुवार

हिराबाय घरी नव्हती. सून म्हणाली, मासळी घेऊन सफाळ्याला गेली, ऐकत नाही. स्टेशनबाहेरच्या ओळीत ती पाटी मांडून बसली होती आणि एका गिऱ्हाइकाला सुनावत होती. "हात नको लावू बाय, बघून घे. हात लावून तुजा नवरा पसंत केला व्हतास का?" गिऱ्हाईकही हसली आणि दोन वाटे जास्त घेऊन गेली.

मी समोर उकिडवा बसलो. घरी सांगितलं असतं तर बरं, असं वाटत होतं. पण घर शोधत, वेळ शोधतच चौदा वर्षं गेली होती. मी सांगितलं. डबा तुम्ही आठ दिवसांनी आणलात. आठ दिवसांनी काही बिघडत नव्हतं. चुकलेले डोस पुढे भरून काढायची सोय असते, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण भीती घातली की लोक वेळेवर येतात. डबा मी पाठवलाच नाही. पोचला म्हणालो ते खोटं.

ती कोयत्यावर मासा धरून होती. तसाच धरून राहिली. एक बाई भाव विचारून पुढे गेली. शेजारची कोळीण म्हणाली, "काय झालं गो?"

"मी तो डबा पाटीत घालून आणलेला," हिराबाय म्हणाली. "माशांचं पानी लागंल म्हनून पोराच्या लग्नातलं नवं फडकं गुंडाललेलं. तू नाय बोलला असतास, भाऊ, जमत नाय बोलला असतास, तर मी गेले असते. मला पाडा म्हायती नव्हता, पन तोंड व्हतं ना. इचारत गेले असते."

"हो."

"दोन दिसांत देऊन आले असते."

"हो, हिराबाय."

मग तिनं तो मासा कापला. सावकाश, नीट, तुकडे एकसारखे. तिचे डोळे गळत होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण हात माशाचे होते. मीच तिच्या पदराचं टोक उचलून पुढे केलं. तिनं ते करू दिलं.

"सोमीला सांगितलंस?"

"काल."

"काय बोलली?"

"तुम्हाला सांगायला सांगितलं."

तिनं मान हलवली. "पुढल्या साली बी सुकं पाठवीन मी. गुन्ह्याचं नाय आता. अशीच पाठवीन."

मला वाटलं झालं. इतक्या हलक्यानं सुटलो असं वाटून मी उठायला लागलो, तर तिनं खालूनच विचारलं, रागानं नाही, हिशेब मांडावा तसंही नाही, आजारी माणसाला आणखी कुठे दुखतंय का विचारावं तसं.

"भाऊ, तो येकलाच व्हता का रे?"

मी परत बसलो.

एकटा नव्हता. त्या तिमाहीच्या वहीत अकरा नावांपुढे मी 'बदलून पाठवला' असं लिहिलं, आणि अकरांपैकी एकाचाही कागद किंवा डबा पाठवला नाही. लखमा सोडून सहा नावं मला अजून तोंडपाठ आहेत, चार आठवत नाहीत, ती शोधावी लागतील. एका घरी जाऊन आलो. दहा घरं राहिली आहेत. त्या दहा दारांत जाऊन माझ्या तोंडानं हे सांगायचं मी अजून देणं लागतो.